सैल ठेवलेली क्लिप

अप्पा, त्या दिवशी शेजारचे शांतारामकाका तुम्हाला घरी न्यायला तुमचीच गाडी घेऊन येणार होते. मीच नको म्हटलं.

त्याला आता अठरा दिवस झाले. घरात माणसं होती तोवर हे बोलायला जागा नव्हती, आणि माणसं गेल्यावर ऐकायला कुणी उरलं नाही. सचिनला सांगायचं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा तो तुमचा चष्मा हातात घेऊन बसला होता, म्हणून गप्प राहिले. सून म्हणून तेरा वर्षं मी तुमच्याशी तोंडावर बोलले, वाद घातले, एकदा तर रागावून जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले. एवढी एकच गोष्ट लपवली होती. ती तुम्हालाच सांगायची राहिली, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

सुरुवात मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात झाली. नेऱ्याच्या पुढे आपल्या गावाला वळलं की नदीवर ती बुटकी फरशी लागते. पूल म्हणावा इतकी ती कधीच उंच नव्हती. तिच्या गावाकडल्या काठावर तो काळा दगड आहे, ज्याला सगळं गाव म्हातारी म्हणतं. म्हातारीचं डोकं बुडालं की फरशीवर पाय टाकायचा नाही, हा नियम तुमच्या आजोबांच्याही आधीचा. तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिथे नेऊन तो दगड दाखवला होतात, जसं कुणी कुलदैवत दाखवतं.

आईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पनवेलला न्यावं लागायचं. तुम्ही एकही वार चुकवला नव्हता. त्या पावसाळ्यात असेच एका वाराला निघालात तेव्हा म्हातारीचं डोकं पाण्याच्या वर होतं, म्हणजे नियम तुम्ही मोडला नव्हता. पण फरशीच्या मधोमध उखडलेल्या जागी गाडीचं तोंड खाली गेलं, इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं आणि दोन आचके देऊन ते बंद पडलं. तुम्ही आईंना खांद्यावर घेतलंत आणि उलटे घरी आलात, कारण पुढचं पाणी वाढत होतं. गाडी मागून गावातल्यांनी दोर लावून ओढून काढली. त्यानंतर दोन दिवस फरशी उघडी पडली नाही. तिसऱ्या दिवशी आईंना आम्ही आयसीयूत ठेवलं तेव्हा त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता.

तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. तुम्ही चार दिवस कुणाशी बोलला नाहीत. मग हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणालात, "गाडी नाय बुडली पोरी. गाडीचा नाक बुडला."

तेवढ्यावरून मी ओळखायला हवं होतं की तुमच्या डोक्यात काय शिजतंय.

नेऱ्याच्या फार्महाऊसवर येणाऱ्या मुंबईच्या पोरांच्या जीपगाड्या तुम्ही बघून ठेवल्या होत्या. त्यांच्या काचेच्या कडेने वर गेलेलं काळं नळकांडं कशाला असतं, हे तुम्ही मला विचारलंत. मी सांगितलं की इंजिनाला हवा लागते, ती हवा टपाच्या उंचीवरून घेतली तर बॉनेटपर्यंत पाणी आलं तरी गाडी बंद पडत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंग आपन पन लावू." आपल्या जुन्या गाडीला बसेल असं तयार नळकांडं मिळत नाही, असं मी म्हटलं. त्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी फार मोठी सोय करून दिली.

मी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवते. मला बघायला आलात तेव्हा तुम्ही माझ्या वडिलांना विचारलं होतंत, "पोर कानस चालवते म्हंजे नक्की करते काय?" तेरा वर्षांनी पहिल्यांदा तुम्हाला माझ्या नोकरीचा उपयोग दिसला. मार्चपासून दर रविवारी मी हत्यारांची पिशवी घेऊन गावाला यायला लागले. सचिन म्हणायचा, माहेरीसुद्धा इतक्या उत्साहाने जात नाहीस. खरंच होतं ते.

बोअरिंगच्या कामातली तीन इंची प्लॅस्टिकची नळी गोठ्यावर पडून होती, ती तुम्ही खाली काढलीत. मडगार्डला भोक पाडायची वेळ आली तेव्हा तुम्ही पाठ करून उभे राहिलात. ड्रिल थांबेपर्यंत वळला नाहीत. "झाला काय?" एवढंच विचारलंत. बैलाला वेसण घालतानाही तुम्ही असेच उभे राहायचात, असं आईंनी मला नंतर सांगितलं.

उंचीवरून आपलं पहिलं भांडण झालं. मी टेप लावून माप घेतलं होतं. तुम्ही उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीत उतरलात, फरशीवर काठी उभी केलीत, मागच्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं तिथे कोयत्याने खूण केलीत आणि ती काठी खांद्यावर टाकून घरी आलात. माझ्या मापात आणि तुमच्या काठीत चार बोटांचा फरक निघाला. मी माझंच खरं म्हणत राहिले. मग तुम्ही मला उन्हात तिथे नेलंत आणि दाखवलंत की म्हातारीच्या पायथ्यापेक्षा फरशी चार बोटं खाली आहे. मी मापलं होतं ते दगडापाशी, आणि गाडी जाणार होती फरशीवरून. परत येऊन अंगणात शिरताच आईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मास्तरीन नापास."

नळी वाकवायचं कामही मला येत नव्हतं. गरम केली की ती चपटी व्हायची. तुम्ही तिच्यात वाळू ठासून भरलीत, दोन्ही तोंडं चिंध्यांनी बंद केलीत आणि चुलीच्या धगीवर फिरवत फिरवत गुडघ्यावर वाकवलीत. घडी न पडता गोल वळली. मी आता हे वर्गात शिकवते आहे. कुठून शिकलात असं मुलं विचारतात, तेव्हा मी सासऱ्यांकडून म्हणते.

वरच्या तोंडाला पाला जाऊ नये म्हणून जाळी हवी होती. पुढच्या रविवारी आईंची चहाची गाळणी नाहीशी झाली. त्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आता चाय काय पदरानं गालू?" तुम्ही गाडीखाली सरकलात ते जेवायच्या हाकेपर्यंत बाहेर आला नाहीत. आणि जिथे जिथे सांधा असेल तिथे तुमची ती सायकलच्या ट्यूबची पट्टी. पंपाच्या नळीला तीच, कुदळीच्या दांड्याला तीच, चष्म्याच्या काडीलाही तीच. दोन वेढे, दोन गाठी आणि टोकं आत खोचलेली. मी स्टीलच्या चांगल्या क्लिपा आणल्या होत्या, स्क्रूने आवळायच्या. तुम्ही त्या बसवू दिल्यात, पण लोखंडाला रबराशिवाय भरवसा नाही असं म्हणत राहिलात.

ती नळी निवायला ठेवली होती, आतली वाळू अजून गरम होती, तेव्हा तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "मी गेलो का मना म्हातारीपाशी न्या. माझा आजा तिथं हाय, बाप तिथं हाय." मी म्हटलं, आधी हे काम पुरं करा. हसलो आपण दोघं.

अप्पा, काम पुरं होत आलं तशी माझी झोप उडाली. मी जे बनवत होते ते काय आहे हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. नळीने इंजिन वाचतं. पाण्याने चाकं उचलली तर ती नळी घेऊन काय करायचं? गाडी नाकाने श्वास घेत घेत वाहून जाईल. हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मागं वालूच्या गोनी टाकीन. आमी नदी वलखतो." मी म्हटलं, "मागच्या वर्षीही ओळखत होतात."

ते वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. आदळला नाहीत, ठेवलात. गोठ्यात गेलात आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. मी माफी मागायला दारापर्यंत आले होते. तुमची पाठ बघितली आणि परत फिरले. ती माफी राहिलीच.

पावसाचे चार महिने पनवेलला आमच्या फ्लॅटवर या, असं आम्ही आधीपासून म्हणत होतो. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "तिसऱ्या माल्यावर बसून करू काय? पावसाला वरून बगू?" आता नळी तयार होती, म्हणजे तुम्हाला यायचं कारणच उरलं नव्हतं. म्हातारी बुडालेली असतानाही तुम्ही आईंना गाडीत घालून फरशीवर उतरला असतात. तुमच्या मनात पाप नव्हतं, त्यांचा वार चुकू नये एवढंच होतं. मला ते चित्र दिवसा डोळ्यांपुढे यायचं. वर्गात मुलांना कानस धरायला शिकवताना यायचं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी परीक्षा होती. परीक्षा मीच तुम्हाला समजावली होती. इंजिन चालू ठेवायचं आणि नळीचं वरचं तोंड तळहाताने घट्ट दाबायचं. नळी कुठेही गळत नसेल तर इंजिनाला हवा मिळत नाही आणि ते आपोआप बंद पडतं. बंद पडलं म्हणजे पास. तुम्ही आंघोळीला गेलात, आणि मी बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्यापाशी, बॅटरीच्या मागे, जिथे सहज हात जात नाही, तिथली क्लिप मी तीन आटे सैल केली. बॉनेट लावलं आणि हात पुसले. तुम्ही कपाळाला गंध लावून बाहेर आलात, नळीलाही हळदकुंकू लावलंत आणि बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहिलात.

मी आत बसून इंजिन चालू केलं. तुम्ही तळहात दाबलात. इंजिन जरा अडखळलं आणि चालत राहिलं. तुम्ही हात काढून पुन्हा दाबलात. चालतच राहिलं.

"हवा खातो कुठनं तरी," तुम्ही म्हणालात.

"गळते, अप्पा. या पावसाळ्यात नको. पुढच्या वर्षी नीट रबरी नळी आणून बसवू."

तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत. मला वाटलं, तुम्ही निराश झालात म्हणून. मग म्हणालात, "बरं. मंग पनवेलला येतो आमी." एवढ्या वर्षांचा वाद एका वाक्यात संपला, आणि मी मूर्खासारखी खूश झाले. पुढच्या रविवारी सचिनने त्याच्या कारने तुम्हा दोघांना आणलं. गाडी शेडमध्ये राहिली, किल्ली शांतारामकाकांकडे. म्हशीही त्यांच्याच दावणीला गेल्या.

फ्लॅटमध्ये तुम्ही कधी तक्रार केली नाहीत आणि त्यामुळेच मला जास्त त्रास झाला. आईंना रिक्षाने डायलिसिसला न्यायचात, चार तास बाहेर बाकावर बसायचात, परत आणायचात. रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरची लावलीत. वॉचमनला विचारलंत की गच्चीवरचं पाणी शेवटी जातं कुठे, आणि त्याला ते माहीत नव्हतं याचं तुम्हाला दोन दिवस नवल वाटत होतं. जोराचा पाऊस लागला की गॅलरीतून काकांना फोन. "म्हातारी दिसते काय?" काका सांगायचे. मग तुम्ही ती बातमी आम्हाला द्यायचात, आम्ही विचारलेली नसताना. तुमचं पोट सुटलं, चाल मंदावली. सकाळी उठून तुम्ही चपला घालायचात आणि मग आठवण झाल्यासारख्या काढून ठेवायचात. हे सगळं मी रोज बघत होते आणि रोज त्या तीन आट्यांपाशी येऊन थांबत होते. एकदा तुम्ही म्हणालात, "ती रबरी नली मिलते काय बग. गनपतीला तरी घरी जाऊ." मी म्हटलं, बघू.

त्या दिवशी पावसाने आदल्या दिवसापासून उसंत घेतली नव्हती. सचिन आईंना डायलिसिसला घेऊन गेला होता. पाणी साचल्याने मी घरीच राहिले होते. तुम्ही काकांना फोन केलात. "बुडली," असं मला म्हणालात आणि चहा मागितलात. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत होतात, डोकं ग्रिलला टेकलेलं. मी दोनदा हाक मारली. कप मी मिरचीच्या डब्याशेजारी ठेवला, तो दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलला.

काकांना मीच कळवलं. ते फोनवर रडले. मग एकदम म्हणाले, "मी गाडी घेऊन येतो. नलकांडा हाय ना तिला. अप्पाला घरी आनू."

मी म्हटलं, "नको काका. ती नळी गळते."

म्हातारी बुडालेली होती. नको म्हणायला तेवढं कारण पुरेसं होतं, आणि ते खरं होतं. मी तेच सांगितलं असतं तरी काकांनी ऐकलं असतं. पण माझ्या तोंडून आधी खोटं बाहेर आलं, तुम्ही पलीकडे चटईवर असताना. काका म्हणाले, "बरं पोरी. गलतो तर गलतो."

दुपारपर्यंत वाट बघितली, पाणी उतरलं नाही. तुम्हाला पनवेलच्याच स्मशानात नेलं. गावातलं कुणी येऊ शकलं नाही. खांदा द्यायला सचिनच्या ऑफिसचे लोक होते, सोसायटीतले होते, त्यातल्या निम्म्यांना तुमचं नावही माहीत नव्हतं. दहाव्याला आई फक्त एकदा म्हणाल्या, "तिकडं न्यायला पायजे होता त्यांना." कुणाला उद्देशून म्हणाल्या नाहीत. पण मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मला असं वाटत होतं, अप्पा, की मी तुम्हाला फसवून आणलं आणि परक्या गॅलरीत मारलं. हे असंच लिहायला हवं. मी तुम्हाला वाचवायला निघाले होते की माझी भीती वाचवायला, हेही मला ठरवता येत नव्हतं.

इतके दिवस पाणी चढत-उतरत राहिलं, काल फरशी नीट उघडी पडली. तुमच्या अस्थींतल्या थोड्या सचिनने मागे ठेवल्या होत्या, त्या घेऊन आम्ही गावाला गेलो. म्हातारीपाशी त्या पाण्यात सोडल्या. पाणी अजून गढूळ होतं. मग सगळे घरात बसले आणि मी शेडमध्ये गेले. ती क्लिप मला आवळायची होती. कुणी बघायच्या आत, पुरावा पुसावा तशी.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या मागे हात घातला. स्क्रू फिरेना. मला वाटलं गंजला. मोबाईलचा उजेड पाडून बघितलं तर क्लिप पार आवळलेली होती, आणि तिच्यावरून सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. दोन वेढे, दोन गाठी, टोकं आत खोचलेली.

मी किती वेळ तशी वाकून उभी होते कोण जाणे. शांतारामकाका किल्ली घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. मी त्यांना म्हटलं, काका, जरा चालू करा. ते आत बसले. बादली तिथेच होती. मी तिच्यावर चढले, गाळणीची जाळी काढली आणि नळीच्या तोंडावर तळहात दाबला. नळीने हात असा ओढून घेतला की मी दचकले. इंजिनाने दोन हुंदके दिले आणि ते बंद पडलं. शेडमध्ये एकदम शांत झालं. हात सोडवून घेतला तर त्यावर लाल गोल वळ उठला होता.

काका खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "त्या रविवारी तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी अप्पानं मना असाच बसवला होता हितं. तो तुज्या जाग्यावर. असाच बंद पडला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी बोललो, आता तर गलत नाय, मंग कशाला जातोस? तर बोलला, पोर भिते. मंग जरा थांबला आनि बोलला, मागल्या वर्षी मी पन भ्यालो शांताराम, कुनाला बोललो नाय." काकांनी किल्ली काढली. "आनि बोलला, ती गलतो बोलली का आपन पन गलतो बोलायचा."

अप्पा, तुमच्याकडे चालू गाडी होती, पक्की नळी होती, आणि तुम्ही चपला घालून काढत तिसऱ्या मजल्यावर बसून राहिलात. मी तुम्हाला आणलं नव्हतं. तुम्ही आला होतात. रबरी नळीचं विचारलंत तेव्हा मला बोलायची संधी देत होतात का, हे आता मला कधीच कळणार नाही. तुम्हाला म्हातारीपाशी नेता आलं नाही, ते माझ्याकडे राहिलं. तेवढं राहू दे.

तळहातावरचा वळ आज सकाळपर्यंत दिसत होता. आता गेला.